७४ अंश

२८ फेब्रुवारी जवळ आला की विज्ञानातील स्त्रियांविषयीच्या बातम्या येऊ लागतात. कोणत्या संस्थेत किती स्त्रिया, कोणत्या पदावर किती, पुरस्कारांच्या यादीत किती. या बातम्या मी दरवर्षी वाचते आणि त्या महत्त्वाच्या आहेत असेच मला वाटते. आज मात्र प्रयोगशाळेबाहेरची एक गोष्ट सांगते. ती घरी केलेल्या बिअरची आहे. दारूच्या नुसत्या उल्लेखाने ज्यांना संकोच वाटेल त्यांनीही कृपया शेवटपर्यंत वाचावे, कारण तो संकोच माझ्याच घरचा आहे.

माझी आई चंद्रपूर जिल्ह्यात शिक्षिका होती. तिच्या वर्गातील कितीतरी मुलांच्या घरी पगाराच्या दिवशी चूल पेटत नसे. दारूबंदीच्या मोर्चांत ती अनेकदा चालली. २०१५ साली जिल्ह्यात बंदी लागू झाली, त्या दिवशी तिने शेजारणींना पेढे दिले. २०२१ मध्ये बंदी उठली, तेव्हा ती फोनवर बराच वेळ काहीच बोलली नाही. अशा आईची मुलगी अमेरिकेत पोस्टडॉक असताना होमब्रुइंगच्या मंडळात जाऊ लागली, ही गोष्ट मी तिच्यापासून पाच वर्षे लपवून ठेवली.

मला पिण्याचे आकर्षण नव्हते. आकर्षण होते ते उष्णतेच्या गणिताचे. बिअरची सुरुवात माल्टपासून होते. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जव. ते भरडून गरम पाण्यात मिसळले की त्यातली विकरे, म्हणजे एन्झाइम्स, स्टार्चचे तुकडे करून साखर मोकळी करतात. बीटा-अमायलेज हे विकर ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास चांगले काम करते आणि ७० च्या वर लवकर निकामी होते. अल्फा-अमायलेज त्याहून थोडी अधिक उष्णता सोसते. मिश्रण ६७ अंशांवर ठेवले तर दोघांनाही काम करता येते. तीन-चार अंश इकडेतिकडे झाले तरी पेयाची चव बदलते. ज्याच्या नावाने आपण ऊर्जा मोजतो तो जेम्स ज्यूल सॅलफर्डच्या एका बिअर उत्पादकाचा मुलगा होता आणि तापमान फार बारकाईने मोजण्यासाठी प्रसिद्ध होता. हा योगायोग मला तेव्हा मोठा सुखद वाटे.

या छंदाला अमेरिकेत कायदेशीर मान्यता मिळाली ती राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १९७८ साली सही केलेल्या कायद्याने. पुढे हजारो लोक गॅरेजमध्ये भांडी मांडू लागले आणि त्यांत बहुसंख्य पुरुष होते. तेथील राष्ट्रीय स्पर्धेत ‘होमब्रुअर ऑफ द इयर’ हा मान १९८३ मध्ये नॅन्सी व्हिनयार्ड या स्त्रीला मिळाला. त्यानंतर तो पुन्हा एका स्त्रीला, ॲनी जॉन्सन यांना, मिळायला २०१३ साल उजाडावे लागले. मध्ये तीस वर्षे गेली.

आमच्या मंडळात पंचवीसेक सभासद होते. पहिल्याच दिवशी मला विचारले गेले, “तुम्ही कोणाबरोबर आलात?” प्रश्नात वाईट हेतू नव्हता. पण त्या संध्याकाळी नव्याने आलेल्या दोन पुरुषांना तो कोणी विचारला नाही.

तिसऱ्या महिन्यात सगळ्यांनी मिळून एक घाण घालायचा बेत ठरला. पाच किलो माल्ट, पंधरा लिटर पाणी. माल्टचे तापमान २० अंश होते आणि मिश्रण ६७ अंशांवर हवे होते. तर पाणी किती तापवावे? माल्टची विशिष्ट उष्णता पाण्याच्या सुमारे ०.४ पट असते. पाण्याने गमावलेली उष्णता माल्टने घेतलेल्या उष्णतेइतकी, एवढे समीकरण मांडले की उत्तर ७३.३ येते. भांडे आधीच गरम केलेले होते, तरी त्याच्यासाठी अर्धा अंश जास्त धरून मी म्हणाले, “७४.” यजमान गृहस्थ हसले. “आम्ही नेहमी ८० ला घालतो. अंदाज हाताला असतो,” असे म्हणून त्यांनी मला माल्टची पिशवी धरायला सांगितली. मी ती धरली.

मिश्रण ७३ अंशांवर जाऊन बसले. समीकरण तेच सांगत होते. बीटा-अमायलेजचे काम अर्ध्यावरच सुटले आणि यीस्टला खाता येईल अशी साखर कमी पडली. तीन आठवड्यांनी हाती आली ती जड, गोडसर, निम्मी-अर्धी आंबलेली बिअर. पुढच्या बैठकीत एका तरुण सभासदाने मोबाइलवर हिशेब करून सांगितले, “पाणी ७४ ला हवे होते.” सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणीतरी त्याची पाठ थोपटली.

मी गप्प राहिले. लोक माझे ऐकत नाहीत याची सवय मला प्रयोगशाळेत आधीच झाली होती. त्या रात्री बोचले ते निराळेच. मला खात्री होती, कागदावर उत्तर होते, तरीही मी ते दुसऱ्यांदा उच्चारले नव्हते. त्या घाणीत माझ्याही गप्प बसण्याचा वाटा होता.

तेव्हाच मी या पेयाचा इतिहास वाचू लागले. मेसोपोटेमियात बिअरची देवता निन्कासी ही स्त्री होती आणि हम्मुराबीच्या संहितेत पेयगृह चालवणारी व्यक्तीही स्त्रीच गृहीत धरलेली आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये घरोघरच्या बायका बिअर करून विकत. इतिहासकार ज्युडिथ बेनेट यांनी १३०० ते १६०० या तीन शतकांचा मागोवा घेऊन दाखवले आहे की हॉप्स घातलेली टिकाऊ बिअर आली, व्यापार वाढला, भांडवल लागू लागले आणि संघटनांची सत्ता आली, तसतशा बायका या धंद्यातून बाहेर पडत गेल्या. त्यांचे कौशल्य कुठे हरवले नव्हते. जिथे पैसा आणि परवाना लागतो, तिथवर पोहोचणे त्यांना अवघड करून ठेवले गेले.

भारतात परतल्यावर मी हा छंद सोडला. आपल्याकडे महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी मद्य करणे गुन्हा आहे आणि आईच्या मुलीला तो करायचाही नव्हता. मग एकदा गुवाहाटीला परिषदेसाठी गेले असता एका दिमासा मैत्रिणीने मला दिमा हसाओ जिल्ह्यातील तिच्या घरी नेले. तिथे जुदिमा होते, म्हणजे दिमासांचे भाताचे मद्य. त्याला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तो मान मिळवणारे ते ईशान्येचे पहिले पारंपरिक पेय. चिकट तांदळाचा भात शिजवून पसरतात, निवला की त्यात ‘हुमाओ’ नावाच्या वड्यांची पूड मिसळतात. या वड्या तांदळाच्या पिठात थेंब्रा या झाडाची साल कुटून घालून केलेल्या असतात. अशा वड्यांमधल्या बुरश्या स्टार्चची साखर करतात आणि त्याच वेळी यीस्ट त्या साखरेचे मद्य करते. जे आम्ही दोन वेगळ्या टप्प्यांत, दोन तापमानांना करत होतो, ते इथे एकाच भांड्यात चालते. भात फार गरम असला तर हे जीव मरतात, फार निवला तर मंदावतात.

मैत्रिणीची मावशी भात पसरत होती आणि मधूनमधून हाताची मागची बाजू त्यावर टेकवत होती. काका शेजारी खुर्चीवर बसले होते. त्यांना हिंदी चांगले येत होते. मी वही काढली आणि त्यांना विचारू लागले. किती वेळ निववायचा? पूड किती? वड्या कशा वाळवता? काका सांगत होते, मी लिहीत होते. थोड्या वेळाने मावशी दिमासात काहीतरी बोलली आणि मैत्रीण हसली. मी अर्थ विचारला. “ती म्हणते, भात मी निववते आहे, मग प्रश्न यांना का?”

मी वही मिटली. गॅरेजमध्ये माझ्या हाती पिशवी देणारे गृहस्थ मला आठवले. त्यांच्यात आणि माझ्यात त्या क्षणी फारसा फरक नव्हता. मी मावशीच्या शेजारी बसले. तिने माझा हात धरून भातावर टेकवला आणि मान हलवली: अजून नाही. पुन्हा टेकवला: आता. “अंदाज हाताला असतो” हे वाक्य मी दुसऱ्यांदा अनुभवत होते, पण हा हात खरोखर जाणत होता.

पारंपरिक आंबवणीवर आपल्या देशात चांगले संशोधन होत आहे. आसामच्या शाज-पिठा या विरजणातील सूक्ष्मजीवांचा अभ्यास मेटाजीनोमिक्सने झालेला आहे. अशा बातम्या वाचताना मी आता एक प्रश्न स्वतःला विचारते: ज्या स्त्रीने तो नमुना आपल्या फडताळातून काढून दिला, तिचे नाव कुठे आहे? विज्ञानातील स्त्रिया मोजताना आपण तिला मोजतो का?

परत आल्यावर मी आईला सगळे सांगितले. अमेरिका, गॅरेज, ७४ अंश, मावशी. ती शांतपणे ऐकत होती. दारूविषयी तिचे मत तसूभरही बदलले नाही आणि ते बदलावे असे मलाही वाटत नाही. तिने पाहिलेली घरे मी पाहिलेली नाहीत. शेवटी तिने एवढेच विचारले, “तुझे उत्तर बरोबर होते ना?”

“हो.”

“मग दुसऱ्यांदा का नाही सांगितलेस? मोर्चात आम्ही एकच घोषणा शंभर वेळा देत होतो.”

गेल्या आठवड्यात आमच्या बैठकीत माझ्या विद्यार्थिनीने एक दुरुस्ती सुचवली. कोणी लक्ष दिले नाही आणि चर्चा पुढे सरकली. मी ती थांबवली आणि तिला म्हणाले, “पुन्हा सांग.” तिने सांगितले. तिचे बरोबर होते.