भूकमळ

आजीच्या पवित्र शास्त्राला अजूनही वार्निशचा वास येतो. पुस्तकाची पाठ सुटली तेव्हा बाबांनी पिपलानीच्या बाजारातून सुती टेप आणली, तिच्या पट्ट्या कापल्या आणि एकीवर एक अर्धी चढवत पाठीवर चिकटवल्या. वरून वार्निशचा पातळ हात दिला आणि दोन दिवस पुस्तक अंगणातल्या दोरीवर उलटं टांगून ठेवलं. बाबा हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये कॉइल वाइंडिंगवर होते. तांब्यावर टेप गुंडाळताना प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवायचा असतो, म्हणजे एकाच पदराची जागा कुठंही उरत नाही. तेच त्यांनी पुस्तकाला केलं. याला पन्नास वर्षं होत आली. मधली पानं सुटी झाली, कडा पिवळ्या पडून मोडायला लागल्या, पण पाठ शाबूत आहे.

हे पुस्तक टेबलावर ठेवलं की आपोआप एकाच ठिकाणी उघडतं. मत्तयकृत शुभवर्तमान, अध्याय सहावा.

आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले, नेवासे तालुक्याकडचे. वडाळ्याला अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं होतं, आजी तिथल्या शाळेत शिकली. इकडे भोपाळला १९५६ साली हेवी इलेक्ट्रिकल्सची स्थापना झाली, ६ नोव्हेंबर १९६० रोजी पंडित नेहरूंनी कारखाना राष्ट्राला अर्पण केला, आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून फिटर, टर्नर, वेल्डर गोविंदपुरा, पिपलानी, बरखेड्याच्या क्वार्टरांत राहायला आले. बाबा त्यांतलेच. माझा जन्म गोविंदपुऱ्यातला. सकाळी भोंगा व्हायचा आणि सायकलींची रांगच्या रांग फाटकाकडे वळायची. शेजारी मल्याळी, समोर बंगाली, मागच्या गल्लीत छत्तीसगढचे. शाळा हिंदी, खेळ हिंदी, भांडणंही हिंदी. मराठी फक्त उंबऱ्याच्या आत.

आजी आली १९७३ च्या उन्हाळ्यात. बहात्तरच्या दुष्काळात तिनं सरकारी कामावर खडी फोडली होती, सुकडी आणि मिलोच्या लाल भाकरीवर दिवस काढले होते. विहिरीला पाणी उरलं नाही तेव्हा बाबा जाऊन तिला घेऊन आले. तिच्या सामानात एक लुगड्याचं गाठोडं, एक तांब्या आणि हे पुस्तक.

मी सात वर्षांची होते. नातीला मराठी वाचता येत नाही याचं आजीला फार वाईट वाटलं. तिनं अंकलिपी आणली नाही. रात्री जेवणं झाली की सरळ मत्तयाचा सहावा अध्याय पुढ्यात ठेवायची आणि माझं बोट धरून एकेका अक्षरावरून फिरवायची. त्या अध्यायात प्रभू येशू शिष्यांना सांगतो, की खाण्यापिण्याची, कपड्यालत्त्याची चिंता करत बसू नका, पाखरांकडे बघा, रानातल्या फुलांकडे बघा. आमच्या मराठी शास्त्रात त्या फुलांना शब्द आहे ‘भूकमळे’. मी तो जसा दिसला तसा फोडून वाचला: भूक, मळे. भुकेचे मळे.

आजी हसली. मग हसू आवरून म्हणाली, “तसंही चालंल गं पोरी. बहात्तरला आमच्याकडं तेच पिकलं होतं.”

नंतर तिनं समजावलं, की भू म्हणजे भुई, भुईवरचं कमळ ते भूकमळ. पण माझ्या मनातून भूक गेली नाही. ती आजतागायत गेलेली नाही.

रविवारी उपासनेला गेलं की भाषा बदलायची. येशू ‘यीशु’ व्हायचा, ख्रिस्त ‘मसीह’, पाळक ‘पादरी साहब’, नाताळ ‘बड़ा दिन’. आणि उपदेशाला हाच अध्याय निघाला की रानातल्या फुलांचे ‘जंगली सोसन’ व्हायचे. फारसीतून हिंदीत आलेला हा शब्द हिब्रूतल्या शोशानचा नातेवाईक आहे, सुसान हे नावही त्याच कुळातलं. हे मला कॉलेजात कळलं. लहानपणी मी तो मराठी कानांनी ऐकत होते. सोसन म्हणजे सोसणं. घरात भुकेचं फूल, चर्चमध्ये सोसण्याचं फूल. दोन्ही भाषांनी मिळून मला त्या वचनाचा एक तिसराच अर्थ लावून दिला. तो व्याकरणात बसत नाही, पण खोटा आहे असं मला कधी वाटलं नाही.

आजी बायकांच्या प्रार्थनासभेत बोलायला उभी राहायची. तिला हिंदी जेमतेम यायचं. ती मोडकीतोडकी हिंदी आणि तिचं नगरी मराठी यांची सरमिसळ करून बोलायची, आणि मल्याळी, तेलुगू बायका ते नीट ऐकून घ्यायच्या. तिचे दोन दृष्टांत ठरलेले असत. पहिला नारायण वामन टिळकांचा. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांच्या हाती नवा करार ठेवला. टिळक पेन्सिल घेऊन, खुणा करत, पंडिताच्या चिकाटीनं वाचायला बसले, आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले तेव्हा त्यांना पुस्तक मिटता येईना. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. आमचा सहावा अध्याय त्याच प्रवचनाच्या मधोमध येतो, हे आजी दर वेळी अभिमानानं सांगायची, जणू टिळकांना ते पान तिनंच काढून दिलं होतं.

दुसरा दृष्टांत पंडिता रमाबाईंचा, आणि तो ती जास्त जीव लावून सांगायची. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात आल्या आणि उपाशी, निराधार मुली-बायकांना आपल्याबरोबर घेऊन गेल्या. केडगावच्या मुक्ती मिशनची वाढ त्या मुलींपासून झाली. “तवा हिकडच्या पोरी भुकंपायी आमच्याकडं आल्या, आन् आता मी तिकडनं हिकडं आले,” असं आजी म्हणायची. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणलं, आणि तेही खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशा मराठीत. जुळणी, छपाई मुक्तीतल्या बायकांच्या हातची. १९२१ च्या जुलैत त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. त्यानंतरही रमाबाई मुद्रितं तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, आणि पुस्तक बाहेर पडलं १९२४ मध्ये. आजी इथं थांबायची आणि विचारायची, की देवावर भरवसा ठेवणारीची लेक जगली का? नाही जगली. मग भरवसा गेला का? सभेत कुणी बोलायचं नाही. आजीही उत्तर द्यायची नाही. ती खाली बसायची.

मला वाटतं, मी ऐकलेला सर्वांत चांगला उपदेश तोच होता.

मी अठरा वर्षांची असताना गॅस आला. २ डिसेंबर १९८४, रविवार. आगमनकाळाचा पहिला रविवार होता तो. सकाळी उपासनेत पहिली मेणबत्ती लावून आम्ही घरी आलो होतो. त्या रात्री युनियन कार्बाइडच्या ६१० क्रमांकाच्या टाकीतून मिथाइल आयसोसायनेट सुटलं. कारखान्यासमोरचं जयप्रकाश नगर, काझी कॅम्प, चोला, स्टेशनचा भाग, जुनं शहर त्या धुरात सापडलं. आमची वसाहत वाचली. पुढं सरकारनं शहराच्या ५६ पैकी ३६ वॉर्ड बाधित ठरवले. आमचा भाग त्यांत नव्हता. पहाटे रस्त्यानं माणसं येताना दिसली तेव्हा आम्हाला कळलं. डोळे लाल, तोंडाला कपडा, पायांत चपला नाहीत, काहींच्या कडेवरची मुलं हलत नव्हती. आजीनं अंगणात पाण्याचा पिंप ओढून आणला, जुनी धोतरं फाडली, आणि मी, आई, ती, आम्ही दुपारपर्यंत लोकांच्या डोळ्यांवर पाणी घालत होतो. त्या दिवशी आजीनं मोठ्यानं प्रार्थना केलेली मला आठवत नाही.

पुढच्या रविवारी साक्षी झाल्या. लोक एकामागून एक उठले आणि म्हणाले, प्रभूनं वारा तिकडे वळवला, त्याच्या लेकरांना त्यानं राखलं. सगळे ‘आमेन’ म्हणाले. मीही म्हणाले. आजी म्हणाली नाही.

घरी आल्यावर मी तिला विचारलं. तिनं पुस्तक उघडलं, फुलांच्या वचनावर बोट ठेवलं आणि मला पुढचं वाचायला लावलं. तिथं लिहिलंय, की रानातलं गवत आज आहे आणि उद्या चुलीत जाणार आहे, तरी देव त्याला असा पोशाख घालतो. मी हे शंभरदा वाचलं होतं. आजी म्हणाली, “फूल जळणार नाही असं प्रभू कुठं म्हणलाय? त्यानं चूल लपवली न्हाई. तिकडं मेली ती बी त्याचीच फुलं. आपल्याला वाऱ्यानं राखलं म्हणून देवाचे आपण लाडके, आन् ती काय मग?”

बाबा दारात उभे होते. ते मुकाट्यानं आत गेले. त्यांनी पगारातले पैसे काढले, आणि पुढचे दोन महिने आमच्या घरून रोज एक डबा स्टेशनकडच्या एका घरी जात होता. आजीच्या वचनाचा त्यांनी लावलेला अर्थ तो होता.

मग १६ डिसेंबर. कारखान्यात उरलेलं विष संपवण्यासाठी त्याचं कीटकनाशक करून टाकायचं ठरलं. कुंपणावर ओल्या तागाचे पडदे टांगले, वरून हेलिकॉप्टरनं पाणी शिंपायची तयारी झाली. माणसं मिळेल त्या गाडीनं भोपाळ सोडत होती. सरकारनं या कामाला नाव दिलं होतं ‘ऑपरेशन फेथ’. रेडिओवर ऐकून आजीनं विचारलं, फेथ म्हणजे काय? मी म्हटलं, विश्वास. ती म्हणाली, “कुणावर?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. तोही रविवार होता, आगमनकाळाचा तिसरा. उपासनेला आम्ही अकरा माणसं होतो. पादरीसाहेबांनी उपदेश केला नाही, फक्त शहरातल्या मोहल्ल्यांची नावं घेत प्रार्थना केली. एकेक नाव, मग थोडी शांतता, मग पुढचं नाव. तसं नुसतं नावं घेणं किती मोठं असतं, हे मला त्या दिवशी समजलं.

आजी १९८९ मध्ये गेली. पुस्तक माझ्याकडे आलं.

आईच्या आजारपणात एक प्रचारक घरी आले होते. कर्करोग पसरला होता, तिला उठून बसवत नव्हतं. त्यांनी डोक्यावर हात ठेवून बराच वेळ प्रार्थना केली, आणि निघताना म्हणाले, की बरं न होण्याचं कारण एकच असू शकतं, घरात विश्वास कमी पडतोय. आईनं त्यांना चहा द्यायला सांगितलं. ते गेल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. दोन दिवस ती माझ्याशी नीट बोलली नाही. आजारी बाईच्या उशाशी एवढं ओझं ठेवून जाणारं बोलणं मला आजही माफ करता आलेलं नाही, आणि तो उपदेश नव्हे, असं मी स्पष्टच म्हणते.

आई गेल्यावर वर्षभर मी उपासनेला गेले नाही. पुस्तक कपाटात होतं. एका रात्री झोप येईना म्हणून काढलं, आणि ते नेहमीच्या जागी उघडलं. त्या रात्री मी अध्याय शेवटपर्यंत वाचला. आपण सगळे तेहतिसाव्या वचनापाशी थांबतो. आधी देवाचं राज्य शोधा, मग बाकीचं सारं मिळेल, असं आश्वासन तिथं आहे. उपदेशाचा शेवट करायला सोयीचं. पण त्यानंतर एक वचन उरतं, चौतिसावं. त्यात प्रभू म्हणतो, की उद्याची चिंता उद्या करील, आजच्या दिवसाला आजचं दुःख पुरे. म्हणजे दुःख आहे, हे तो कबूल करतो. उद्याही असेल, हेही नाकारत नाही. त्यानं फक्त एवढंच केलं, की उद्याचा ढीग आजच्या डोक्यावरून उतरवला. याच अध्यायात, थोडं आधी, प्रार्थनेत भाकर मागितली आहे, तीही आजच्यापुरतीच. मराठी शास्त्रात तिथं ‘भाकर’ हाच शब्द आहे. खडी फोडून संध्याकाळी भाकर थापणाऱ्या बाईला हा अध्याय का आपला वाटला, हे मला आई गेल्यावर कळलं. ज्या माणसांना उद्देशून तो बोलला, तीही रोज कमावून रोज खाणारीच होती.

आईच्या शेवटच्या चौदा महिन्यांत आम्हाला बरं होणं मिळालं नाही. पण रोज सकाळी त्या दिवसापुरतं बळ मिळत होतं: औषध आणायचं, चादर बदलायची, चार घास भरवायचे, रात्री पाय दाबायचे. ते कुठून येत होतं ते मला माहीत आहे. मी त्यालाच भरवसा म्हणते.

आता मी साठीला आले. भोंग्याला सायकली निघत नाहीत, क्वार्टरं अर्धी रिकामी आहेत, काहींच्या भिंतींतून पिंपळ उगवलाय. संडे स्कूलच्या मुलांना मी शिकवते, हिंदीतूनच, कारण मराठी येणारं मूल त्यांत एकच आहे. गेल्या पावसाळ्यात त्या मुलीनं विचारलं, की आंटी, सोसन म्हणजे नक्की कुठलं फूल? गालीलच्या टेकड्यांवर वसंतात उगवणारं लाल ॲनिमोनी असावं, असं अनेक अभ्यासक मानतात, तेच मी तिला सांगितलं. मग घरी बोलावून आजीचं पुस्तक दाखवलं. तिनं तो शब्द बोटानं वाचला आणि अडखळली. भूक, मळे. मी तिला लगेच दुरुस्त केलं नाही.

पुढच्या महिन्यात मंडळीत बोलायची पाळी माझी आहे आणि मी हाच अध्याय घेणार आहे. तुमच्यापैकी जे कुणी व्यासपीठावरून, आजाऱ्याच्या खाटेपाशी किंवा घरच्या प्रार्थनेत मत्तयाचा सहावा अध्याय वाचत असतील, त्यांना माझी एक कळकळीची विनंती आहे. तेहतिसाव्या वचनाशी पुस्तक मिटू नका. चौतिसावंही वाचा.