नऊची शेंडी

माझा धंदा कळला की वसईत दोन विनोद हमखास ऐकायला मिळत. एक विरार लोकलचा. तो मी पंचवीस वर्षं ऐकला, इथे पुन्हा करत नाही. दुसरा माझ्या आईचा. आम्ही माहिती दाबून लहान करतो म्हणजे ती थोड्या जागेत मावते, असं मी तिला समजावत होतो आणि ती आगाशीहून आलेल्या सुकेळीचं बांधलेलं पान सोडत होती. म्हणाली, "राजेळीची सुकेळी होते, ती मलाही येते. सुकेळीचं परत राजेळं करून दाखव, मग तुला इंजिनियर म्हणते."

मी हसलो. आमच्या शास्त्रातली मुख्य फाळणी तिने एका वाक्यात सांगितली होती, हे तेव्हा लक्षात आलं नाही. दाबलेलं जसंच्या तसं परत मिळतं ती एक जात. आणि 'एवढं गेलं तरी चालेल' असं कुणीतरी ठरवतं ती दुसरी. ते ठरवणारा मी होतो.

१९७८ साली व्हीजेटीआयमधून इलेक्ट्रिकलची पदवी घेतली. मुलगा वीज मंडळात लागेल अशी घरच्यांची समजूत होती, पण मी लागलो अंधेरीच्या एका कंपनीत, फॅक्सच्या कामावर. कागदाच्या एका ओळीत सलग किती ठिपके पांढरे, किती काळे, एवढं मोजायचं आणि ठिपक्यांऐवजी आकडा पाठवायचा. त्यातही वारंवार येणाऱ्या आकड्याला आखूड खूण, क्वचित येणाऱ्याला लांब. ही युक्ती डेव्हिड हफमनची, १९५२ सालची, विद्यार्थी असताना सुचलेली. मला विद्यार्थी असताना असं काही सुचलं नाही, नंतरही नाही. मी दुसऱ्यांच्या युक्त्या नीट चालवणारा माणूस.

नीट म्हणतोय, पण १९८९च्या सुमारास साहेबांनी विचारलं, हलत्या चित्रांच्या कामात उतरायचं का? मी चार पानांचं टिपण लिहून 'नाही' म्हणालो. कॉम्प्युटरवर सिनेमा कोण बघणार, हा त्यातला मुख्य मुद्दा. त्या वेळी माझ्या टेबलावर नेत्रावळी आणि हॅस्केल यांचं 'डिजिटल पिक्चर्स' होतं, १९८८चं. अरुण नेत्रावळी पवईच्या आयआयटीतून १९६७ साली बाहेर पडलेले, पुढे बेल लॅब्जचे अध्यक्ष झाले. एका चौकटीतून पुढच्या चौकटीत फारसं काही बदलत नाही, तेव्हा काय हललं आणि कुठे हललं एवढंच पाठवा, या विचारावर त्यांनी पायाभूत काम केलं होतं. सगळं त्या पुस्तकात होतं. मी ते अर्धं वाचलं होतं, आणि टिपण पूर्ण लिहिलं होतं. काही वर्षांत वसई स्टेशनबाहेर व्हीसीडीचे ठेले लागले. पण त्या चुकीत पैसे गेले ते कंपनीचे आणि बढती गेली ती माझी.

१९९५ला नोकरी सोडून माणिकपूरला दोन खोल्यांचं ऑफिस थाटलं. १९९७मध्ये एका पतसंस्थेचं काम मिळालं. गहाणखतं, कर्जरोखे, जुने दस्त, सगळे मराठी टंकयंत्रावर उठवलेले. सुमारे ३६,००० पानं स्कॅन करून सीडीवर द्यायची. कच्ची ठेवली तर वीस जीबीच्या आसपास जात होती. चेअरमनना ती एका सीडीवर हवी होती, कारण वार्षिक सभेत एक सीडी हातात धरून दाखवायची होती. मी 'एकच' असा शब्द दिला होता. सीडीत मावतात ६५० एमबी.

मी निवडलेली पद्धत खिळे जुळवणाऱ्या कंपॉझिटरसारखी होती. पानावरचं प्रत्येक अक्षर कापून काढायचं. पहिला 'क' चित्र म्हणून ठेवायचा. पुढे तसाच 'क' आला की चित्र ठेवायचं नाही, 'तोच खिळा इथे लाव' एवढंच लिहायचं. आता 'तसाच' म्हणजे किती तसाच? दोन चित्रं एकमेकांवर ठेवायची, न जुळणारे ठिपके मोजायचे, आणि ते ठरावीक टक्क्यांहून कमी असले तर दोन्ही एकच समजायची. मी तीन टक्के ठेवले होते. सभेच्या आदल्या संध्याकाळी कळलं, की तीन टक्क्यांना एका सीडीत मावत नाही. मी सहा केले. मावलं, वर आठ एमबी उरली.

माझ्याकडे तेव्हा नालासोपाऱ्याहून एक मुलगी यायची, नुकतीच डिप्लोमा झालेली. तिने पडद्यावर दोन आकडे मोठे करून दाखवले. "सर, नऊची शेंडी जातेय."

टंकयंत्राच्या खिळ्यात शाई साचली की ९ची वरची वळवळ बुजते आणि तो १सारखा दिसू लागतो. तिने मोजलंही होतं. आकडा २८० ठिपक्यांचा, शेंडी १४ ठिपक्यांची. बरोबर पाच टक्के.

"रिबनची घाण असेल," मी म्हणालो.

"मग उरलेला फरक वेगळा ठेवूया ना, सर. तीसेक टक्के जास्त लागेल, पण काही हरवणार नाही."

तीस टक्के म्हणजे दुसरी सीडी. मी घड्याळाकडे बघितलं आणि तिला म्हणालो, तुझी सात-दहाची गाडी चुकेल. मला बोलायचं नसलं की मी लोकांच्या गाड्यांची काळजी करतो, असं बायको म्हणते.

सभेत टाळ्या पडल्या.

२००१च्या श्रावणात निर्मळच्या बाजूचे एक वृद्ध गृहस्थ छत्री निथळत दारात उभे राहिले. प्लॅस्टिकच्या पिशवीत पतसंस्थेतून मिळालेली प्रत होती, त्यांच्या वडिलांच्या गहाणखताची. वाटणी चालू होती. सातबाऱ्यावर तो तुकडा यांच्या नावे ०-१९-०, आणि वडिलांच्या दस्तात ०-११-०. धाकट्या भावाचं म्हणणं, दादाने माझ्या वाडीतून आठ गुंठे सरकवले.

"इंजिनियरसाहेब, हे आठ गुंठे मी कुठून खाल्ले, तेवढं सांगा."

मी भिंग घेतलं. ११मधल्या दोन्ही एकांच्या खाली, अगदी त्याच जागी, एक बारीक टिंब होतं. टंकयंत्राचे दोन ठसे असे तंतोतंत सारखे कधी उमटत नाहीत. हा एकच एक होता, दोनदा लावलेला. मला त्या क्षणी सगळं कळलं.

मी त्यांना चहा दिला आणि म्हणालो, "बघतो, काका."

बघायचं काहीच उरलं नव्हतं. तरी तोंड उघडायला मी तीन आठवडे लावले. आधी स्वतःची खात्री करून घेतोय असं स्वतःला सांगितलं, मग गणपती आले. त्या तीन आठवड्यांत धाकट्याने दोघांच्या सामाईक बावखलात, म्हणजे वाडीतल्या तळ्यात, बांबू रोवून तारेचं कुंपण घातलं. सहा टक्के ही माझी चूक होती असं मी आजवर बऱ्याच जणांना सांगितलंय. तीन आठवड्यांचं पहिल्यांदाच सांगतोय.

अखेर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून नोंदणीची नक्कल काढली. १९. भाऊ बोलायला लागले, कुंपण राहिलं. मी सात-आठ वर्षांनी गेलो तेव्हा तारेवर कारल्याचा वेल चढला होता.

मग बाकीच्या पानांचा शोध. इथे माझी गाठ पडली ती दस्तलेखकांशी. जुने दस्तलेखक रक्कम आकड्यात लिहीत आणि पुढे पुन्हा अक्षरी लिहीत. आम्हा दाबणाऱ्यांच्या लेखी ही शुद्ध उधळपट्टी, एकच गोष्ट दोनदा. क्लॉड शॅननने १९४८ साली दोन्ही बाजू मांडल्या होत्या: फालतू पुनरुक्ती काढून जागा वाचवा, आणि वाटेत बिघाड होणार असेल तर मुद्दाम पुनरुक्ती घाला. पहिल्या बाजूवर मी पोट भरलं. दुसरी बाजू स्टॅम्प व्हेंडरशेजारी बाकड्यावर बसलेला माणूस रोज पाळत होता. आकड्यात ११,००० आणि अक्षरी एकोणीस हजार, अशा ४३ जागा सापडल्या. त्यांतल्या काहींच्या छापील प्रतींवर कारकुनाने पेन्सिलीने 'टं. चूक' असा शेरा मारून बिचाऱ्या टायपिस्टच्या नावावर ते खपवलं होतं. क्षेत्र मात्र कुणी अक्षरी लिहीत नसे. तिथल्या चुका मोजायला काही साधनच नव्हतं.

ऑगस्ट २०१३मध्ये हाच रोग जगाने पाहिला. डेव्हिड क्रीझेल या जर्मन माणसाने एका घराचा नकाशा झेरॉक्स कंपनीच्या यंत्रावर स्कॅन केला, तर वेगवेगळ्या मापांच्या तीन खोल्यांवर एकच क्षेत्रफळ उमटलं, १४.१३. तीच पद्धत, तीच 'तसाच' म्हणण्याची घाई. बातमी वाचून मला आधी आनंद झाला, हेही लिहून ठेवतो.

त्या मुलीला मी २००१मध्येच फोन केला होता. ती पुण्यात मोठ्या हुद्द्यावर होती. सगळं ऐकून एवढंच म्हणाली, "चौदा ठिपके, ना सर?" चार वर्षांनी तिला आकडा पाठ होता.

पतसंस्थेला लेखी कळवलं, घेतलेले पैसे हप्त्यांनी परत केले. मूळ कागदांपैकी बराच भाग गोडाऊनमध्ये वाळवीने खाल्ला होता. त्या पानांवर 'अंक मूळ नोंदणीवरून पडताळावेत' असा शिक्का छापला. उरलेली दिवाळीपासून होळीपर्यंत पुन्हा स्कॅन केली, या वेळी तिच्या पद्धतीने, फरक वेगळा ठेवून. दोन सीडी लागल्या. दुसरी निम्म्याहून जास्त रिकामी होती.