पानिपतचा जमाखर्च

सिनेमाचे आकडे हल्ली घराघरांत बोलले जातात. पूर्वी "पिक्चर कसा आहे?" असं विचारायचे, आता "किती कोटी झाले?" विचारतात. २०२५ च्या फेब्रुवारीत 'छावा' आला तेव्हा आमच्या साताऱ्याच्या घरी ज्यांनी तो पाहिलाही नव्हता, त्यांनासुद्धा रोजचा आकडा तोंडपाठ होता. क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसा! देशातला गल्ला सहाशे कोटींच्या घरात, जगभरचा आठशेच्या आसपास, आणि खर्च म्हणे एकशेतीस कोटी. अभिमान वाटावा असेच आकडे आहेत, नाही कशाला म्हणू? पण मला मात्र त्या दिवसांत सारखा दुसराच एक सिनेमा आठवत होता. 'पानिपत'.

आशुतोष गोवारीकरांचा 'पानिपत' ६ डिसेंबर २०१९ ला आला. जवळजवळ तीन तासांचा. कर्जतच्या स्टुडिओत नितीन देसाईंनी शनिवारवाडा उभा केला होता. छापून आलेल्या आकड्यांप्रमाणे खर्च सुमारे शंभर कोटी आणि जगभरचा गल्ला पन्नासच्या आत. त्याच शुक्रवारी आलेल्या 'पति पत्नी और वो' या हलक्याफुलक्या सिनेमाने त्याला कुठच्या कुठे मागे टाकलं. राजस्थानात सूरजमल जाटांच्या चित्रणावरून निदर्शनं झाली, तिथले खेळ थांबले, मग अकरा मिनिटांची कात्री लागली. आणि पुरता महिना-सव्वा महिना होतो न होतो तोच, १० जानेवारी २०२० ला 'तान्हाजी' आला. त्याचा खर्च दीडशे कोटींच्या आसपास सांगतात, पण देशातलाच निव्वळ गल्ला पावणेतीनशेच्या वर गेला. (तानाजी मूळचा पाचगणीजवळच्या गोडवलीचा, असं आमच्याकडे सांगतात. तेव्हा त्या यशात आमचाही खारीचा वाटा, अशी समजूत घालून घ्यायला हरकत नाही!)

हे सगळं आठवायला कारण झालं सांगलीच्या आतेभावाचा मुलगा. तासगावकडे त्यांची द्राक्षबाग. त्यातला एक तुकडा रस्त्यात गेला आणि त्याचे पैसे आले. 'छावा'च्या लाटेत त्याच्या एका मित्राने ऐतिहासिक सिनेमा काढायचं ठरवलं आणि याला भागीदारीचं आमंत्रण दिलं. पंधरा लाख. एके रात्री त्याचा फोन आला.

"काका, सहाशे कोटी कमावलेत त्यांनी. आपल्याला त्यातला हजारावा हिस्सा मिळाला तरी बास की!"

दादाने, म्हणजे त्याच्या वडिलांनी, आधीच मला बजावून ठेवलं होतं, "तूच सांग बाबा त्याला, माझं ऐकत नाही." मी काही सिनेमाधंद्यातला माणूस नव्हे. पण आयुष्य हिशेबतपासणीत गेलं, त्यामुळे आकडा दिसला की त्याच्या पाठीमागे काय आहे ते बघायची खोड आहे. म्हटलं, तुला बेदाण्याच्या भाषेतच सांगतो.

सौद्यात बेदाण्याला किलोला जो भाव पुकारला जातो, तो काही तुझ्या हातात पडत नाही. हमाली, तोलाई, गाडीभाडं, कोल्ड स्टोरेजचं भाडं जाऊन जी पट्टी येते, ती तुझी. बरोबर? त्यातून औषधांची उधारी आणि सोसायटीचं कर्ज फेडून उरेल ते खरं तुझं. सिनेमाचंही अगदी तसंच. ग्रॉस म्हणजे सौद्याचा पुकारा. शंभर रुपयांवरच्या तिकिटाला अठरा टक्के जीएसटी, तो गेला की राहतो तो नेट. नेटमधला ढोबळमानाने अर्धा थिएटरवाल्याचा. उरलेल्यातून वितरक आपलं कमिशन आणि जाहिरातीचा खर्च कापून घेतो. मग जी येते ती निर्मात्याची पट्टी. आणि त्या पट्टीतूनही आधी सावकाराचं व्याज, मग मुद्दल, मग नफा असलाच तर भागीदार. रांगेत सगळ्यात शेवटी तू!

आता हाच हिशेब 'पानिपत'ला लावून बघ, मी म्हटलं. देशातला नेट चौतीस कोटींच्या आसपास. त्याचा अर्धा सतरा. खर्च शंभर. टीव्हीचे, ओटीटीचे, गाण्यांचे हक्क विकून काही भरपाई होते हे खरं, पण खड्डा केवढा ते बघ. आणि 'छावा'चा अर्धा काढलास तरी तीनशे. म्हणजे एकाच इतिहासावरचे, एकाच तऱ्हेचे दोन सिनेमे. एकाने बुडवलं, दुसऱ्याने तारलं.

"मग फरक कशात?" त्याने विचारलं. "पानिपतात आपण हरलो म्हणून?"

हे स्पष्टीकरण मी पुष्कळांकडून ऐकलंय आणि मला ते कधीच पटलेलं नाही. 'छावा'चा शेवट काय आहे? राजांचे हाल आणि मृत्यू. 'पावनखिंड'मध्ये बाजीप्रभू पडतातच की. तरी २०२२ च्या फेब्रुवारीत त्या मराठी सिनेमाने चाळीस कोटींच्या आसपास धंदा केला. आपला प्रेक्षक मरणाला भीत नाही. त्याला फक्त कोण कशासाठी मेला ते स्वच्छ कळावं लागतं.

मला जो फरक वाटतो तो खिंड आणि मैदान यातला आहे. खिंडीतली लढाई स्वस्त पडते. दिग्पाल लांजेकरांच्या 'फर्जंद', 'फत्तेशिकस्त', 'पावनखिंड', 'शेर शिवराज' या सिनेमांचे विषयच बघा. मूठभर मावळे, एक रात्र, एक गड, एक खिंड, एक शामियाना. गोष्टच अशी की कमी माणसांत ती जास्त खरी वाटते. पानिपत मात्र मैदान आहे. तिथे लाखभर माणूस, हत्ती, घोडे, तोफा दाखवाव्याच लागतात. त्यात मराठे, अब्दाली, नजीब, शुजा, जाट, दिल्लीचा बादशहा... कोण कुणाच्या बाजूला आणि का, हे समजवण्यातच तास जातो. पहिलं तिकीट फाटायच्या आधी सगळा पैसा लागून गेलेला असतो आणि त्यावर व्याज चालू. हा काही नियम नव्हे. 'छावा'तही मैदानं आहेत, आणि कमी खर्चात काढलेले कितीतरी ऐतिहासिक सिनेमे आले कधी नि गेले कधी कळलंही नाही. पण मैदानात उतरणाऱ्याच्या पाठीशी खजिना भक्कम लागतो, एवढं नक्की.

आणि गंमत बघा, खऱ्या पानिपताचं दुखणंही हेच होतं. मार्च १७६० मध्ये भाऊसाहेब दक्षिणेतून निघाले ते पैशाच्या विवंचनेतच. उत्तरेतली वसुली होईना, दिल्ली घेतली तर तिजोरी रिकामी. शेवटी दिवाण-ए-खासचं चांदीचं छत काढून त्याची नाणी पाडली, ती नऊ लाखांच्या आसपास भरली. रसद आणि पैसा पुरवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले आणि छावणीत उपासमार सुरू झाली. १४ जानेवारी १७६१ ला फौज बाहेर पडली ती उपाशीपोटी. नानासाहेब पेशव्यांना बातमी कळली तीसुद्धा सावकाराच्या सांकेतिक पत्रातून. गेलेली माणसं त्यात मोती, मोहरा आणि खुर्दा म्हणून लिहिली होती. पोटात कालवतं ते वाचताना. पण लढाईचा खर्च ज्याच्या वहीत लिहिला जातो, त्याची भाषा तीच असणार, दुसरी कुठली?

त्या छावणीत अठरा वर्षांचा एक मुलगा होता. जन्म साताऱ्याचा. आई तिथेच गमावून तो कसाबसा परत आला. पुढे तो नाना फडणवीस झाला, म्हणजे मराठी राज्याचा हिशेबनीस. वाईजवळ मेणवलीला त्याने वाडा आणि कृष्णेवर घाट बांधला. त्याचं दप्तरही तिथलंच. आमचं गाव तिथून जवळ असल्यामुळे लहानपणी कितीदा त्या घाटावर गेलोय. त्या घाटावर आता शूटिंगची मंडळी येतात. 'स्वदेस' तिथलाच. तोही गोवारीकरांचाच. २००४ साली आला तेव्हा त्यानेही गल्ल्यावर निराशाच केली होती. आज मात्र त्याच्याबद्दल कुणी वाईट बोलताना ऐकलं नाही. काही सिनेमांची पट्टी अशी पंधरा-वीस वर्षांनी येते. फक्त ती निर्मात्याच्या नावावर जमा होत नाही.

हेही मी भाच्याला... चुकलो, पुतण्याला सांगितलं. (दादाला भाचा म्हटलेलं खपायचं नाही!) पण त्याला हेही म्हटलं की तू सांगलीचा आहेस. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयावर. १८५१ ला राजेसाहेब गेले, आश्रय सुटला, तेव्हा मंडळी घेऊन भावे गावोगाव फिरले आणि १८५३ ला मुंबईत तिकीट लावून नाटक केलं. तेव्हापासून या धंद्यात राजाची जागा प्रेक्षकाने घेतली. राजाला निदान आधी विचारता येत होतं, प्रेक्षकाला तेही नाही.

तुझे पैसे कुठल्या कॉर्पोरेट कंपनीचे नाहीत, मी म्हटलं. तुझ्या आजोबांनी टँकरने पाणी घालून जगवलेल्या बागेचे आहेत. लावूच नको असं मी म्हणत नाही. पण मित्राला दोनच गोष्टी विचार. गोष्ट खिंडीतली आहे की मैदानातली? आणि पट्टी आल्यावर पहिला पैसा कुणाचा, ते कागदावर लिहून देणार का?

आठवड्याने त्याचा फोन आला. गोष्ट मैदानातली होती. कागद अजून तयार नव्हता. मित्र थोडा नाराज झाला, पण मैत्री टिकून आहे. पैसे सध्या बँकेत आहेत आणि दादाला रात्री झोप लागते म्हणे. मुलगा मात्र अधूनमधून विचारतो, "काका, खिंडीतली एखादी चांगली गोष्ट आहे का हो तुमच्याकडे?"

आहेत की. आपल्या सातारा-सांगलीत खिंडींना काय तोटा! कुणाला आपल्या गावाकडची एखादी ठाऊक असेल तर जरूर कळवा, त्याला पाठवून देतो.