परवाना फाटकापर्यंतचा

नॉर्थ कॅरोलायनात पिस्तूल लपवून बाळगायचा परवाना काउंटीचा शेरीफ देतो. अर्जाचे 80 डॉलर, बोटांच्या ठशांचे 10, वय किमान 21, आणि राज्यात किमान 30 दिवसांचा रहिवास. मी अमेरिकी लष्करात सार्जंट आहे, लष्करी दवाखान्यात काम करते. या अटींपैकी शेवटचीच मी पुन्हा पुन्हा वाचली. रहिवासी म्हणजे मी नक्की कुठली?

जन्म सातारा जिल्ह्यातला. लग्न होऊन न्यू जर्सीत एडिसनला आले, तिथूनच भरती झाले. साउथ कॅरोलायनातल्या फोर्ट जॅक्सनला प्राथमिक प्रशिक्षण झालं, नागरिकत्वाची शपथही वर्दीतच घेतली. पुढे टेक्सास, आणि मग बदली फोर्ट ब्रॅगला. (मधली जेमतेम दोन वर्षं या तळाचं नाव फोर्ट लिबर्टी होतं, जुने लोक तेव्हाही ब्रॅगच म्हणायचे.) इतकं फिरूनही कागदोपत्री मी न्यू जर्सीचीच राहिले. सैनिक हुकमाने हलतो, स्वतःच्या मर्जीने नाही, म्हणून त्याचा मूळ रहिवास तुटू नये अशी तरतूद 2003 च्या सैनिक-संरक्षण कायद्यात आहे. माझं मतदान तिथलं, प्राप्तिकर तिथला, गाडी चालवायचा परवाना तिथला. राहते मात्र फेटव्हिलला, तळाबाहेर भाड्याच्या घरात, मुलीबरोबर. नवऱ्याची नोकरी न्यू जर्सीत, तो जमेल तसा येतो.

शस्त्राच्या बाबतीत केंद्राचा कायदा वेगळ्या वाटेने जातो. सेवेतला सैनिक ज्या राज्यात कायम नेमणुकीवर असेल त्या राज्याचा तो रहिवासी, असं 1968 च्या बंदूक नियंत्रण कायद्याने ठरवून टाकलंय. म्हणून दुकानदाराने माझं लष्करी ओळखपत्र आणि बदलीचा हुकूम बघून मला पिस्तूल विकलं. शेरीफच्या कचेरीतल्या बाईंनीही तोच हुकूम मागितला, सोबत घराचा भाडेकरार. तारखा ताडून पाहिल्या आणि अर्ज ठेवून घेतला. मत द्यायला मी न्यू जर्सीची आणि पिस्तुलापुरती नॉर्थ कॅरोलायनाची, हे दोन्ही एकाच वेळी कायदेशीर आहे.

परवाना हवा होता त्याला कारण होतं. माझी पाळी बऱ्याचदा मध्यरात्रीनंतर सुटते. घर गावाबाहेर, शेवटचा रस्ता झाडीतून जातो, दिवे नाहीत. एका रात्री पेट्रोल पंपापासून एक गाडी माझ्या मागे लागली. मी वळले की ती वळायची, मी हळू झाले की तीही हळू. घराच्या गल्लीत न शिरता मी सरळ पुढे गेले आणि दिव्यांच्या उजेडात एका दुकानासमोर थांबले, तेव्हा ती निघून गेली. झालं काहीच नाही. पण घरात मुलगी आणि तिला सांभाळणारी शेजारीण दोघीच होत्या, आणि शेरीफची गाडी तिथवर यायला किती वेळ लागतो ते मला ठाऊक होतं.

अर्जाबरोबर आणखी एका कागदावर सही करावी लागते. मानसिक आरोग्याच्या नोंदी शेरीफने मागवाव्यात, याला संमती देणारा कागद. याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण वर्दीतली कितीतरी मुलं या एका कागदाला घाबरून समुपदेशकाकडे जात नाहीत. एकदा नाव लागलं की बंदूक गेली, बढती गेली, असं बराकीत सर्रास बोललं जातं. मी स्वतः टेक्सासमध्ये असताना काही महिने समुपदेशन घेतलं होतं. सही करण्याआधी कायद्याचं कलमच काढून वाचलं. पूर्वी सल्ला घेतला किंवा दवाखान्यात दाखल न होता उपचार घेतले, एवढ्यावरून कुणालाही अपात्र ठरवता येणार नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. परवाना मलाही मिळाला. माझ्या हाताखालच्या प्रत्येक नव्या सैनिकाला मी हे सांगते. अमेरिकी सैन्यात ज्या आत्महत्या होतात त्यातल्या बहुसंख्य बंदुकीने होतात, आणि मी दवाखान्यात काम करते. उपचारांची भीती आणि हाताशी असलेलं पिस्तूल एकत्र आलं की काय होतं, ते मी जवळून पाहिलंय.

मग आठ तासांचा वर्ग. लष्करात आहे म्हणून नॉर्थ कॅरोलायना त्यातून सूट देत नाही. शेजारच्या व्हर्जिनियात चालू लष्करी सेवेचा पुरावा पुरतो, वेगळं प्रशिक्षण लागत नाही. फेटव्हिल म्हणजे छावणीचंच गाव, त्यामुळे वर्गात निम्म्याहून अधिक माणसं आमच्यातलीच होती. पहिल्या रांगेत ब्याऐंशीव्या एअरबोर्न डिव्हिजनचा एक पोरगा होता. तो म्हणाला, मी रोज रायफल हाताळतो, मला इथे कशाला बसवलंय? शिकवणारे गृहस्थ निवृत्त पोलीस अधिकारी. ते रागावले नाहीत.

"तुझी रायफल आत्ता कुठे आहे?"

"युनिटच्या शस्त्रागारात."

"किल्ली कुणाकडे?"

"आर्मररकडे."

"आणि रायफल तुझ्या हातात कधी देतात?"

पोरगा गप्प बसला. मीही त्या क्षणी माझ्याच गेल्या काही वर्षांचा हिशेब मांडत होते. सैन्यात माझ्या हातात शस्त्र येतं ते सही घेऊन, क्रमांक ताडून. मैदानावर गोळ्या मोजून मिळतात, रिकामी काडतुसं परत द्यावी लागतात. मोहिमेवर केव्हा झाडायचं आणि केव्हा नाही याचे नियम वरून येतात, वकील अधिकारी येऊन समजावून जातो. आजूबाजूला माणसं असतात, आज्ञा देणारा असतो. किराणा दुकानाच्या आवारात, कमरेला पिस्तूल आणि हातात मुलीचा हात असताना, यातलं काहीही नसतं.

त्या दिवसाचा मोठा भाग नेम कसा धरावा यात गेलाच नाही, तो गेला गोळी केव्हा झाडायची नाही यात. जिवाला किंवा शरीराला गंभीर इजा होणार, किंवा बलात्कार होणार, अशी खरीखुरी भीती वाटली पाहिजे. त्या जागी कुणाही शहाण्या माणसाला ती वाटली असती असं असलं पाहिजे. भांडण आपण उकरून काढलेलं नसावं, आणि गरजेपेक्षा जास्त बळ वापरलेलं नसावं. नुसती मालमत्ता वाचवायला जीव घेता येत नाही: गाडी चोरून कुणी पळत असेल तर त्याच्या पाठीत गोळी घालणारा तुरुंगात जातो. दारूचा एक घोट घेतला तरी पिस्तूल अंगावर नको. पोलिसाने थांबवलं तर त्याने विचारायची वाट न पाहता परवाना आहे आणि शस्त्र अंगावर आहे, हे आपण सांगायचं. दुपारी मैदानावर तीन, पाच आणि सात यार्डांवरून गोळ्या झाडून दाखवल्या. ते आमच्यातल्या कुणालाच जड गेलं नाही. पण कपड्यांखालून, कुर्ता बाजूला सारून, स्वतःचं बोट चापापासून लांब ठेवत पिस्तूल बाहेर काढणं मला सैन्यात कुणीच शिकवलेलं नव्हतं. आमची होल्स्टर उघडी असतात, सगळ्यांना दिसतात. पर्समध्ये पिस्तूल ठेवायचं नाही, हे मी तिथेच ठरवलं. पर्स खुर्चीला अडकवली जाते, मुलं त्यात चॉकलेट शोधतात.

म्हणून सैनिकांना वर्गातून सूट देणाऱ्या व्हर्जिनियाच्या बाजूने माझं मत नाही. 2025 मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या विधिमंडळाने 18 वर्षांपुढच्या माणसाला परवान्याशिवायच शस्त्र लपवून बाळगू देणारं विधेयक मंजूर केलं, तेव्हा गव्हर्नर जॉश स्टाइन यांनी नकाराधिकार वापरला. आमच्या युनिटमध्ये बहुतेकांना तो नकार पटला नाही, मला पटला. शस्त्राची मी विरोधक नाही, परवाना घेतलेली बाई आहे. आठ तास बसून जे ऐकलं ते प्रत्येकाने ऐकावं, वर्दीवाल्यांनी तर आधी.

माझ्या आबांना हे फोनवर सांगितलं. ते मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि पुढे एका बँकेत पहारेकरी होते. बारा बोअरची बंदूक, तिचा परवाना जिल्हाधिकारी कचेरीतून, आणि निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची. पावती ते देव्हाऱ्यामागे ठेवायचे. बंदूक का घेतलीस, असं त्यांनी विचारलं नाही.

"पोरी, रात्री ठेवतीस कुठं?"

"लोखंडी पेटीत, आबा. बोटाच्या ठशानं उघडते."

"गोळ्या?"

"त्यातच."

"न्हाई. दिवसा अंगावर असंल तवा भरलेली ठेव. घरात लेकरू हाय, पेटीत ठेवताना येगळ्या."

इथले बरेच प्रशिक्षक त्यांच्याशी सहमत होणार नाहीत, घरात गरज पडली तर वेळ कुठे मिळणार, असं म्हणतील. मी आबांचं ऐकलं. आता दोन पेट्या आहेत.

परवाना हातात आल्यावर एक गोष्ट आणखी स्पष्ट झाली. राज्याचा परवाना तळाच्या फाटकाशी संपतो. आत केंद्राची जमीन आणि तळप्रमुखाचा हुकूम. खासगी पिस्तूल आत न्यायचं तर त्याची नोंदणी हवी, ते रिकामं हवं, आणि मैदानावर किंवा साठवणुकीच्या जागी जाण्यापुरतंच न्यायचं. चॅटनूगात 2015 मध्ये चार मरीन आणि एक नौसैनिक मारले गेले, त्यानंतर 2016 च्या संरक्षण खात्याच्या आदेशाने तळप्रमुखांना खासगी शस्त्राची परवानगी देण्याची मुभा दिली. माझ्याकडे तशी परवानगी नव्हती. मी काम करते तो दवाखाना फाटकाच्या आत आहे. म्हणजे ज्या मध्यरात्रीच्या रस्त्यासाठी मी हे सगळं केलं, त्या रस्त्यावर पिस्तूल माझ्याजवळ असूच शकत नाही. ते घरी पेटीत असतं. मग त्या रस्त्यासाठी मी वेगळी सोय केली: पाळी एकत्र सुटणारी सहकारी आणि मी एकामागोमाग गाड्या काढतो, ती माझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत येते. पिस्तूल असतं ते सुट्टीच्या दिवशी, मुलीला घेऊन लांब कुठे जाताना.

तेही सगळीकडे नाही. एडिसनला जायचं तर रस्ता आय-95. व्हर्जिनिया माझा परवाना मानते. पोटोमॅक नदीवरचा वुड्रो विल्सन पूल ओलांडून मेरीलँडमध्ये शिरलं की तो कागद बिनकामाचा, आणि न्यू जर्सीत तर त्याहून धोक्याचा. 2013 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका आईला न्यू जर्सीत पोलिसाने थांबवलं. तिने प्रामाणिकपणे सांगितलं की माझ्याकडे परवाना आहे आणि गाडीत पिस्तूल आहे. तिला अटक झाली. 2015 मध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी तिला माफी दिली. ज्या राज्यात मी मतदान करते, कर भरते, त्याच राज्यात माझं पिस्तूल गुन्हा ठरतं. 1986 च्या केंद्रीय कायद्याने शस्त्र रिकामं करून, कुलपात, हाताला येणार नाही असं ठेवून राज्यं ओलांडता येतात, पण निघायच्या आणि पोचायच्या दोन्ही ठिकाणी ते बाळगायचा हक्क असावा लागतो. सासरी जाताना मी ते नेत नाही.

आणि नॉर्थ कॅरोलायनातल्याच केरीला गणपतीला जातानाही नाही. तिथे आरती शाळेच्या सभागृहात असते, शाळेच्या इमारतीत शस्त्र चालत नाही. पण कायदा आडवा आला नसता तरी नेलं नसतं. तिथल्या माझ्या एका मैत्रिणीला परवान्याचं कळलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तू घेतलंस, तुझं बरोबर असेल. पण माझ्या घरी येताना ते नको हं आणूस." मी हो म्हटलं. तिच्या घराचा तो नियम मला शेरीफच्या नियमाइतकाच मान्य आहे. तिच्याकडे निघण्याआधी, तिने न विचारताच, मी तिला कळवते: घरी ठेवून आलेय. सुरुवातीला ती संकोचायची, आता "बरं, ये" एवढंच म्हणते.

आता पुढची बदली आली आहे. हवाई, होनोलुलूतला लष्करी दवाखाना. हवाई दुसऱ्या कुठल्याही राज्याचा परवाना मानत नाही. शस्त्र नेलं तर पोचल्यापासून पाच दिवसांत पोलिसांकडे नोंदवायचं. लपवून बाळगायचा परवाना तिथे काउंटीचा पोलीस प्रमुख देतो, आणि अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या 2022 च्या ब्रुएन निकालाआधी तो जवळजवळ कुणालाच मिळत नसे. सामानाच्या यादीत पिस्तुलाचा क्रमांक लिहावा लागेल, गोळ्या सामानातून पाठवता येत नाहीत. मी अर्ज मागवून ठेवलाय. वर्ग तिथेही आहे, गोळीबाराची परीक्षाही. बदलीच्या हुकमाच्या जास्तीच्या प्रती काढून ठेवल्यात. आबांना विचारलं, नेऊ का? ते म्हणाले, आधी घर कसलं मिळतंय ते बघ, पेटी भिंतीला ठोकता येतीय का विचार, मग ठरव. घरमालकाला तसं पत्र पाठवलंय.