व्हॉल्व्ह तपासावा

निगडीतल्या माझ्या संध्याकाळच्या जर्मन वर्गात निम्मे विद्यार्थी कारखान्यातले असतात. 2009 साली चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझचे कारखाने सुरू झाले. पहिली पाळी सुटली की मुले कंपनीच्या बसमधून उतरून थेट वर्गात येतात. त्यांच्यासाठी मी यंत्रांची सूचनापत्रे शिकवायला घेतली.

सुरुवातीला मला धास्ती होती ती शब्दांची. प्रत्येक पत्रातली तीस-तीस लांबलचक नामे काढून मी अर्थांसह वाटायची. ‘ड्रेमोमेंटश्ल्युसल’ फळ्यावर लिहून होईपर्यंत मागच्या बाकावरून ‘टॉर्क रेंच’ असे उत्तर यायचे. चित्रावरून, मापावरून त्यांना ते कळलेलेच असे.

घोडे अडले ते भलत्याच जागी. ‘फोअर आर्बाइट्सबेगिन इस्ट दास वेंटील त्सू प्र्युफन.’ एका फिटरने अर्थ सांगितला, ‘काम सुरू होण्याआधी व्हॉल्व्ह बंद असतो.’ मी हादरले. त्याचे चुकले तरी कुठे? ‘दार बंद आहे’ हे मीच पहिल्या महिन्यात ‘दी ट्युर इस्ट त्सू’ असे शिकवले होते. इथे मात्र ‘इस्ट’ आणि ‘त्सू’ मिळून हुकूम देतात: व्हॉल्व्ह तपासायचा आहे. नामांच्या माझ्या यादीत या दोन चिमुकल्या शब्दांना जागाच नव्हती.

विषयातून भाषा शिकवण्याबद्दल स्नो, मेट आणि जेनेसी यांनी 1989 साली एक भेद मांडला: जिच्यावाचून विषयच कळणार नाही ती भाषा वेगळी, आणि विषयाबरोबर सहज शिकवता येईल ती वेगळी. तो मी वाचला होता, पण उमगला त्या संध्याकाळी. आता मजकूर हाती आला की आधी विचारते: हे वाचून माणूस हाताने काय करणार, कधी करणार, काय करणार नाही? त्या कृतीला धरून ठेवणाऱ्या शब्दांखाली पेन्सिल चालते. नामे बहुतेक तशीच राहतात.

‘इस्ट... त्सू’ समजावताना मराठीच धावून आली. ‘व्हॉल्व्ह तपासावा.’ कोणी, ते दोन्ही भाषा सांगत नाहीत. पण वाचणाऱ्याला ते आपल्यालाच सांगितले आहे हे कळते. फिटरने वहीत जर्मन वाक्याखाली तेवढेच लिहिले.

पुढच्या आठवड्यासाठी नारिंगी चौकटीचे, रसायनांचे पत्र काढले आहे. ‘दार्फ निश्ट’ म्हणजे ‘करू नये’, ‘मुस निश्ट’ म्हणजे ‘करायची गरज नाही’. या दोन्हींखाली आजच दुहेरी रेघ ओढली.