कापावे की राखावे?

आमच्या थोरल्या बंधूंच्या जठरात गाठ निघाली, तेव्हा घरात सर्वांचे एकच म्हणणे पडले : "कापून काढा म्हणजे सुटलो!" आम्हीही त्याच मताचे. तण मुळासकट उपटावे, हा आम्हां शेतकऱ्यांचा हिशेब.

दुर्बिणीने काढलेला तुकडा तपासला, तो गाठ लिंफोमाची ठरली. जात जलद वाढणारी, पण अवस्था आरंभीची. डॉक्टर म्हणाले, "पोट कापायला नको, केमोथेरपी देऊ." आम्हांस ते पटेना. चार शब्द आम्ही चढ्या आवाजातच बोललो.

त्यांनी शांतपणे मेक्सिकोतील एका प्रयोगाची हकिगत सांगितली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात अशाच ५८९ रोग्यांचे चार गट केले होते. दहा वर्षांअंती हयात राहण्याचे प्रमाण नुसत्या शस्त्रक्रियेने शेकडा ५४. किरणोपचारांची जोड देऊनही ५३. केमोथेरपीची जोड दिल्यावर ९१. आणि नुसत्या केमोथेरपीने ९६! हा रोग पांढऱ्या पेशींचा. गाठ कापली तरी बीज अन्यत्र दडलेले असू शकते. औषध मात्र रक्तावाटे सर्वत्र पोहोचते.

बंधूंचे केस गेले, तोंडाची चव गेली. पण आज ते आमच्या पंक्तीला बसून भाकरी खातात.

मात्र वाचकहो, जठराच्या नेहमीच्या कर्करोगास हा न्याय लागू नाही. तेथे शस्त्रक्रियाच मुख्य. लिंफोमातही जठरास भोक पडले अथवा रक्तस्राव थांबेना, तर शस्त्र धरावे लागते. म्हणून आधी तपासणी, मग निर्णय. आमच्या उतावळेपणाने बंधू जठरास मुकले असते, ही रुखरुख आम्हांस अजून आहे.