थकलेली वर्गणी

आमचे अब्बा मालेगावात यंत्रमागावर काम करायचे. त्यांच्या लोखंडी पेटीत कपडे कमी आणि रिसाले जास्त. सीमाब अकबराबादींनी १९३० साली आग्र्यात सुरू केलेले आणि पुढे मुंबईहून निघू लागलेले 'शायर', अलाहाबादचे 'शबखून', शिवाय आमच्याच गावचे 'जवाज' आणि 'तवाजुन'. टपालखात्यात नोकरी करता करता शम्सुर्रहमान फारुकींनी 'शबखून' सुमारे चाळीस वर्षे चालविले, हे अब्बा अभिमानाने सांगत. आठवड्याच्या मजुरीतून ते वर्गणीचे पैसे बाजूला काढत. अम्मी कुरकुर करायची. अब्बा म्हणायचे, "रिसाला फुकट नहीं पढते. एडिटर के घर में भी चूल्हा है."

आम्ही बी.एड. झालो, उर्दू शाळेत लागलो आणि मराठीत लिहू लागलो. 'शब्द' हे अनियतकालिक १९५४ साली अरुण कोलटकर, दिलीप चित्रे यांनी सायक्लोस्टाइल करून काढले होते, हे वाचल्यापासून छोट्या अंकांबद्दल आम्हाला ओढ होती. एका तालुक्याच्या गावाहून निघणाऱ्या त्रैमासिकाकडे आम्ही पहिला लेख पाठविला. संपादक निवृत्त शिक्षक. लेख छापून आला, पण 'अम्मी'पुढे कंसात 'आई', 'दस्तरखान'पुढे 'जेवताना अंथरायचे कापड'. आमच्याच घरात आम्हाला कुणीतरी दुभाषा नेमून दिल्यासारखे वाटले.

आम्ही रागाने फोन केला. "सर, 'टेबल'पुढे कंस टाकता का?"

ते म्हणाले, "आमचा वाचक अडखळेल हो."

"अडखळू द्या. आम्हीही मराठी शिकताना अडखळलोच की."

ते गप्प झाले. पुढच्या लेखात मात्र एकही कंस नव्हता. उलट त्यांनी दोन ठिकाणी आमचा 'ळ' दुरुस्त केला होता. खरे सांगायचे तर, इतके बारकाईने आमचे मराठी आजवर कुणी वाचले नव्हते.

एकदा आम्ही त्यांच्या घरी गेलो. पुढच्या खोलीत गठ्ठे. वहिनी पाकिटांवर खळीने पत्ते चिकटवीत होत्या. सरांनी हिशेबाची वही दाखविली. कागद महाग, छपाई महाग. डिसेंबर २०२४ मध्ये टपालखात्याने स्वस्त नोंदणीकृत बुक-पोस्टची सोय बंद केली, तेव्हा तर त्यांचे धाबेच दणाणले. वहीच्या शेवटी थकबाकीदारांची यादी होती. लेखक, कवी, प्राध्यापक. त्यात आमचेही नाव! चार वर्षे, सोळा अंक, आठशे रुपये.

आम्ही अंक 'लेखक-प्रत' समजून घेत राहिलो होतो. कंसांवर भांडायला आम्हाला वेळ होता, वर्गणी भरायला नव्हता. पगारदार शिक्षक आम्ही. आणि मजूर असलेल्या अब्बांनी एकही वर्गणी थकविली नव्हती. तिथेही आम्ही "पाठवतो सर" म्हणालो आणि विसरलो.

पुढचा अंक आलाच नाही. आला तो सरांचा फोन. "थांबवतोय. तुमचा लेख दुसरीकडे द्या, चांगला आहे." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. तीच आम्हाला लागली.

त्याच संध्याकाळी आम्ही आठशे रुपये पाठविले. मासिक बंद पडल्यावर वर्गणी कसली, असे ते म्हणतील, असे वाटले होते. आठ दिवसांनी पाकीट आले. आत जुन्या पावतीपुस्तकातली रीतसर पावती. 'वर्गणी चार वर्षांची, रोख मिळाली.' खाली सही. ती आम्ही अब्बांच्या पेटीत, रिसाल्यांच्या वर ठेवली आहे.

आता आम्ही उर्दूचे एक आणि मराठीची दोन नियतकालिके वर्गणी भरून घेतो. शाळेत मुलांचे हस्तलिखित काढतो, त्यातही लेखकाने एक रुपया द्यायचा, असा नियम केला आहे. मुले हसतात, पण देतात.

वाचकहो, एक विचारू? हातातला हा अंक आपण विकत घेतला आहे, की कुणाकडून मागून आणला आहे?